पारख यंत्राची, शहाणपण माणसाचे

इतवारीच्या बाजारात धान्याचे पोते घेण्यापूर्वी व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहतो. संगणकावरच्या कामालाही अशीच पारख लागते.

सातबाराचेच घ्या. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाराष्ट्रात २०१८ पासून घरबसल्या मिळू लागला. जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक निवडावा, शुल्क भरावे, उतारा घ्यावा. यातले प्रत्येक बटण आपले काम करते की नाही हे पाहणे, ही झाली कार्य-चाचणी. पण पैसे भरले आणि तेवढ्यात वीज गेली, तर? उतारा हाती येतो, की पुन्हा पैसे भरावे लागतात? असा प्रसंग आरंभापासून शेवटपर्यंत करून पाहणे, ही प्रसंग-चाचणी.

संकेतस्थळात एके ठिकाणी सुधारणा केली की दुसरीकडे बिघाड होऊ शकतो. म्हणून दर वेळी सगळे पुन्हा तपासायचे. माणूस कंटाळतो, यंत्र कंटाळत नाही. याचसाठी २००४ मध्ये शिकागोत जेसन हगिन्स यांनी ‘सेलेनियम’ हे साधन रचले. लिहून दिलेल्या पायऱ्यांप्रमाणे ते ब्राउझरमध्ये अक्षरे भरते, बटण दाबते आणि आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहते.

पण अपेक्षित उत्तर कोण सांगणार? गुरुजनहो, उत्तरपत्रिका तपासण्याआधी आपण आदर्श उत्तर लिहून ठेवतो ना? तसेच हे. जो प्रसंग आपल्याला सुचलाच नाही, तो यंत्रही तपासत नाही. तेव्हा चाचणी लिहिणाऱ्याने आधी उताऱ्यासाठी ताटकळलेल्या शेतकऱ्याशी दोन शब्द बोलावेत, हे बरे.