कुंडीतील रबराचे झाड

दिवाणखान्यातील रबराचे झाड, म्हणजेच फायकस इलॅस्टिका, हे ईशान्य भारतातील ओलसर डोंगरांतही आढळते. मेघालयातील खासी लोक त्याचीच मुळे वळवून ओढ्यांवर जिवंत पूल घडवितात. तेथे पाऊस पाने धुतो आणि ढालकिड्यांसारखे भक्षक किडींना आवर घालतात. घरात हे दोन्ही रक्षक नसतात. त्यांचे काम मालकालाच करावे लागते.

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण. शिरेलगत तपकिरी फोड दिसले, तर ती खवले कीड. त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते. कोरड्या हवेत लाल कोळी पानामागे बारीक जाळे विणतो. अशा वेळी झाड वेगळे ठेवावे, कीड ओल्या फडक्याने पुसावी आणि पानांच्या दोन्ही बाजूंवर सौम्य साबणाचे पाणी फवारावे. अंडी बचावतात, म्हणून आठवड्याने हेच पुन्हा करावे.

मात्र पाने पिवळी पडताच झाड तहानलेले समजून पाणी वाढविले जाते, आणि पुष्कळ झाडे त्यानेच मरतात. आधी मातीत बोट घालून पाहावे. ती ओली असेल, तर मुळे कुजत असण्याचा संभव असतो. तेथे पहिला उपचार म्हणजे पाणी थांबविणे.