पेरणीच्या तोंडावर निघालेली दिंडी

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर बोलणारे वक्ते आमच्यानंतर आहेत, ते आमच्यापेक्षा चांगलं बोलतील. आम्ही आज एका वारीबद्दल बोलणार आहोत. या मंचावर विठोबा कशाला, असं कोणाला वाटेल. पण समोर बसलेल्यांच्या गळ्यातल्या माळा आम्हाला दिसताहेत, तेव्हा फार जणांना वाटणार नाही.

२०१८ साली अधिक ज्येष्ठ आला आणि आषाढी एकादशी २३ जुलैपर्यंत लांबली. आमच्या भागातून पंढरपूर म्हणजे महिनाभराची वाट. म्हणजे निघायचं ऐन पेरणीच्या तोंडावर. आईचे गुडघे गेले होते. ती म्हणाली, माझ्या बदली तू जा. आम्ही अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकलेले. कॉलेजात असताना आईची वारी म्हणजे हंगामातली रिकामटेकडी हिंडफिर, असं आम्ही तिच्या तोंडावर बोललेलो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे आम्ही गावोगाव सांगायचो आणि आईचा पाऊस मात्र पंचांगात असायचा.

पण आम्ही गेलो ते आईसाठी एवढंच नाही. आदल्या वर्षी, म्हणजे २०१७ ला, गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते तुम्हाला सांगायला नको. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत किडकी सरकी आणि पिवळी रुई. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली ती त्याच हंगामात. संघटनेत येण्याआधी काही वर्षं आम्ही एका बियाणे कंपनीत नोकरीला होतो. मंडप टाकून, चहा पाजून, अळीची चिंता आता विसरा, असं आम्हीच सांगितलं. थैलीसोबत बिगर बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी यायची. ती शेताच्या कडेनं का पेरायची, तर औषधाला न सरावलेली अळी तिथं जगावी आणि सरावलेल्या अळीची जात वाढू नये. हे आम्हाला पुस्तकात शिकवलं होतं. मंडपात आम्ही त्या पुडीचं नावसुद्धा घेतलं नाही. पुडी समजावून सांगत बसलं तर थैली कमी खपते.

दिंडीत निघालो तर दोन ओळी मागं एक म्हातारे काका. पाच एकर कोरडवाहू. आमच्या मंडपात पुढच्या सतरंजीवर बसायचे. २०१७ ला त्यांचा कापूस वेचणीच्या मजुरीलाही पुरला नव्हता. आम्ही त्यांना ओळखलं, त्यांनीही ओळखलं. परभणीपर्यंत आम्ही त्यांच्याजवळ चाललोच नाही, खरं सांगतो.

वारीचा एक रिवाज तुम्हाला माहीत आहे. समोर येईल त्याच्या पायावर डोकं ठेवायचं, वय बघायचं नाही, जात बघायची नाही. गंगाखेडच्या मुक्कामात हरिपाठ संपला आणि काका आमच्यासमोर आले. वाकले. "माउली" म्हणाले. आम्हाला पाय मागं घेता आले नाहीत. आम्हीही वाकलो, पण डोकं वर उचलेना.

दुसऱ्या दिवशी परळीच्या वाटेवर आम्ही त्यांना पुडीची गोष्ट सांगितली. सगळी. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, त्या पुड्या तं मी ढोराले चारल्या. तुमी एक डाव सांगतलं असतं तं पेरल्या असत्या." रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढची कितीतरी कोसं आमच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. आई विठोबावर विश्वास ठेवते तसाच त्या सतरंजीवरच्या माणसांनी आमच्यावर ठेवला होता. फरक इतकाच की विठोबा कमिशनवर नाही.

आणखी एक गोष्ट पायी चालल्यामुळे दिसली, मोटारीतून ती दिसत नाही. आमच्याकडच्या गावांतल्या पंगतीत गव्हाची पोळी आणि भात. ज्वारी पिकवणारा आपला मुलूख, पण खरिपाची ज्वारी सोयाबीननं हटवली आणि भाकरीबरोबर कडबाही गेला. बैल कशावर जगणार? बालाघाट ओलांडून सोलापूरकडे उतरलो तेव्हा पानात रोज भाकरी पडू लागली. मालदांडीची! ही ज्वारी मोहोळच्या केंद्रावर निवडलेली, शंभराच्या आसपास वर्षं होत आली, अजून लोक सोडत नाहीत. मंगळवेढ्याची काळी भारी रानं आषाढात मोकळी पडलेली. पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचं आणि सप्टेंबरात त्या ओलीवर पेरायचं, वर पाणी नाही. तिथंच दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारं लोकांसाठी उघडली, अशी कथा आहे. पैसे भरायला विठोबा महाराचं रूप घेऊन बिदरला गेला म्हणतात. आणि याच मंगळवेढ्यात कुसवाचं काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले. ज्याचं रूप देवानं घेतलं त्याच्या लेकरांना देवळात शिरायला १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना उपास करावा लागला. काका हे ऐकून म्हणाले, "देव गेला, पुजारी नाई गेले."

पंढरीत आम्हाला कळसाचंच दर्शन झालं, रांग फार मोठी होती. विठोबा आहे की नाही, याचं उत्तर आम्ही घेऊन आलो नाही. आईनंही विचारलं नाही. पाय दाखव म्हणाली, आणि फोडांना तेल लावत बसली.

चार दिवसांनी आम्ही काकांच्या गावी गेलो. ते धुऱ्यावर उभे होते, काहीसे बावचळलेले. काकूंनी त्यांच्या माघारी पेरणी उरकली होती, आणि पाचही एकर कापूस न लावता दोन एकरांत ज्वारी आणि तूर टाकली होती. आम्ही म्हटलं, काकू, छान केलं. त्या म्हणाल्या, "छान कायचं, थैलीले पैसे नव्हते." मग त्यांनी कापसाच्या कडेची ओळ दाखवली. काकांनी वाटेतून फोन करून ती पुडी पेरायला सांगितलं होतं. रोपं वितभर झाली होती. आम्ही डोमकळ्या कशा ओळखायच्या ते काकूंना सांगितलं, कामगंध सापळे कुठं लावायचे तेही, आणि फरदड ठेवायची नाही, डिसेंबर संपायच्या आत पऱ्हाटी उपटायची, हे दोनदा सांगितलं.

"लिहून द्या," काकू म्हणाल्या, "आनं खाली सही करा."

आम्ही सही करून दिली.