कडू भोपळ्याचा गोड नाद

सज्जनहो, वीणेकऱ्याच्या आपण पाया पडतो. पण ती वीणा घडवतो कोण? ऐका.

मिरजेत शिकलगारांची घरं. पूर्वी तलवारीला धार लावायची. लढाया सरल्या, धारेला गिऱ्हाईक उरलं नाही. तेव्हा, सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी, फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं घडवायला घेतली. ज्या हातात शस्त्र, त्याच हातात स्वर आला! घडवणारा मुसलमान, गळ्यात घालणारा वारकरी. नादाला जात आहे का हो?

आता भोपळा बघा. तो आपल्या पंढरपूरकडच्या मळ्यातला. चवीला कडू, भाजीला चालत नाही. कारागीर तो वाळवतो, कापतो, आतला गर खरवडून काढतो. मग दांडी जोडतो, तारा चढवतो. तरी तंबोरा बोलत नाही, बरं का! घोडी घासून जवारी काढावी लागते, तारेखाली सुताचा धागा सरकवावा लागतो. तेव्हा नाद घुमतो. जिवाचंही तसंच. मीपणाचा गर निघाल्याशिवाय नाम घुमत नाही, आणि तो काढणारा सद्गुरू भेटावा लागतो.

मिरजेच्या सतारीला, तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद आहे. पण जवारी कागदावर उतरत नाही. ती बापाजवळ बसून पोराने कानाने शिकायची. पोट भरलं नाही, तर पोर बसेल कशाला? म्हणून माउली, वीणा घ्याल तेव्हा घासाघीस करू नका. वीणेला नमस्कार करता ना? मग त्या हातांची मजुरी पुरती द्या. तीही सेवाच आहे.

म्हणा, विठ्ठल विठ्ठल!