खातं तिचं, पिन कुणाचा?



केनियात मार्च २००७ मध्ये ‘एम-पेसा’ सुरू झालं. शहरात राबणारा नवरा कोपऱ्यावरच्या दुकानात रोकड भरतो. गावाकडे बायकोच्या मोबाइलवर संदेश येतो, तिथल्या दुकानातून ती पैसे उचलते. बँकेची पायरी चढावी लागत नाही. तवनीत सूरी आणि विल्यम जॅक यांच्या २०१६ च्या अभ्यासानुसार यामुळे सुमारे १,८५,००० बायका शेती सोडून धंद्याकडे वळल्या. पैसा थेट त्यांच्या हाती राहणं, हे त्यामागचं एक कारण असू शकतं.

आपल्याकडे २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’चे दीड हजार बायकांच्या खात्यात येऊ लागले. पण कित्येक घरांत फोन नवऱ्याचा, पिन मुलाला ठाऊक. मग पैसा तिचा कसा? बचत गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीला विचारूया: सिम कुणाच्या नावावर? पिन कुणाला माहीत?