जुनं मॉडेल इंजिन घेताय? आधी उलटं करून बघा

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय थोडा हटके आहे. सेकंडहँड मॉडेल रेल्वे इंजिनं. त्यातही वाफेची इंजिनं. म्हणजे दिसायला वाफेची हं, आत वाफबिफ काही नाही. आत एक छोटी बारा व्होल्टची मोटर, आणि तिला रुळांतूनच वीज मिळते.

पुण्यात ज्यांचं बालपण गेलं त्यांनी कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम पाहिलं असेल. सहलीत नेतात ना शाळेवाले. काचेला नाक लावून बघितलेलं ते जग डोळ्यांसमोर आणा. मी सध्या लीड्सला राहतो, आणि इथे ब्रिटनमध्ये तसली इंजिनं शनिवारी एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये टेबलांवर मांडून विकतात. खोक्यांत खोकी. विकणारे बहुतेक सत्तरीचे, घेणारेही सत्तरीचे, आणि मधे मी. ज्यांनी हा छंद वाढवला ती पिढी आता हळूहळू जातेय, त्यामुळे घरंच्या घरं रिकामी होतायत आणि ऑनलाइन लिलावांवर जुन्या इंजिनांचा नुसता पूर आलाय. त्यामुळे घ्यायला वेळ चांगली आहे. फसायलासुद्धा.

तर माझं म्हणणं एवढंच आहे: बंद पडलेलं इंजिन बिनधास्त घ्या, देखणं इंजिन घेताना घाबरा. उलटं वाटतं ना? सांगतो.

थोडा इतिहास, पटकन. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३८ साली 'हॉर्नबी डब्लो' नावाने छोट्या मापाच्या गाड्या काढल्या. माप म्हणजे एका फुटाला चार मिलिमीटर, रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. गंमत अशी की हिशेब केला तर रूळ त्या मापाला अरुंद पडतात, खऱ्या इंग्लिश रेल्वेच्या मानाने इंजिन जरा जाड्या माणसाने भावाची तंग पँट घातल्यासारखं दिसतं. पण ब्रिटनमध्ये तेच माप रूढ झालं. मग युद्धानंतर प्लॅस्टिकची स्वस्त इंजिनं घेऊन 'ट्रायअँग' आली, १९६४ मध्ये ट्रायअँगच्या मालकांनी मेकॅनोच विकत घेतली, आणि पुढे त्या सगळ्याची आजची हॉर्नबी झाली. हे सगळं पाठ करायची गरज नाही. खरेदीसाठी एकच लक्षात ठेवा: १९५९ पर्यंतच्या डब्लो गाड्या तीन रुळांवर चालायच्या, मधल्या रुळातून वीज. त्यांची चाकं इन्सुलेटेड नसतात. तसलं इंजिन तुमच्या साध्या दोन रुळांवर ठेवलं की थेट शॉर्ट. फोटोत इंजिनाचं पोट दाखवा म्हणावं. मधोमध चमच्यासारख्या पितळी पट्ट्या दिसल्या तर ते तीन रुळांचं.

आता मोटर. घरी मिक्सर बंद पडला की दुकानदार काय म्हणतो? "कार्बन गेलाय." बस, तेच इथे. ट्रायअँगच्या बहुतेक जुन्या इंजिनांत एक्स-झिरो-फोर नावाची मोटर असते, आणि ती इतकी साधी आहे की बारावीचं फिजिक्स विसरलेला माणूसही उघडू शकतो. मधे फिरणारं आर्मेचर, त्यावर तांब्याचा कॉम्युटेटर, दोन बाजूंनी दोन कार्बन ब्रश, ते दाबून धरणारी एक स्प्रिंग, आणि मागे चुंबक. चाळीस वर्षं माळ्यावर पडलेलं इंजिन चालत नाही म्हणजे ९० टक्के वेळा काय होतं... टक्के सोडा, माझा अंदाज आहे तो. बहुतेकदा काय होतं, तर जुनं तेल वाळून डिंक झालेलं असतं आणि कॉम्युटेटरच्या फटींत काळी कार्बनची भुकटी बसलेली असते.

इलाज: आयसोप्रोपिल अल्कोहोल, इअरबड, लाकडी टूथपिक. टूथपिकने त्या तीन फटी साफ करायच्या, कॉम्युटेटर चकाकेपर्यंत पुसायचा, ब्रश झिजून पार बुटके झाले असतील तर नवे घालायचे, बेअरिंगला शिलाई मशीनचं तेल एक थेंब. एक म्हणजे एक! तेल कॉम्युटेटरवर गेलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

इथे एक छोटी गोष्ट, जिच्यामुळे कित्येक चांगली इंजिनं 'डेड' म्हणून विकली जातात. त्या स्प्रिंगच्या एका पायावर बारीक नळी असते, इन्सुलेशनची. वीज एका बाजूच्या चाकांवरून पट्टीने येते आणि दुसऱ्या बाजूने थेट चासीतून परत जाते, म्हणून एक ब्रश चासीपासून तोडलेला हवा. ती नळी हरवली किंवा कुणी स्प्रिंग उलटी बसवली की शॉर्ट. इंजिन हलत नाही, कंट्रोलर बंद पडतो, आणि मालक म्हणतो मोटर जळली. वायरच्या प्लॅस्टिकचा चार मिलिमीटरचा तुकडा घातला की झालं!

खरंच जळलीय का हे नाकाला कळतं, करपलेल्या वार्निशचा वास येतो. आणि मल्टिमीटर असेल तर कॉम्युटेटरच्या तीन तुकड्यांमधला रेझिस्टन्स दोन-दोन करून मोजा. तिन्ही आकडे साधारण सारखे आले तर वाइंडिंग ठीक.

चुंबकाबद्दल एक इशारा. जुनी चुंबकं मोटरमधून बाहेर काढून तशीच ठेवली की अशक्त होतात. मग इंजिन जोरात पळतं, पण दोन डबे जोडले की धापा टाकतं आणि तापतं. त्यामुळे कारण नसताना चुंबक काढू नका. आधीच अशक्त असेल तर पुन्हा चार्ज करून देणारे लोक इथे आहेत, किंवा छोटी निओडिमियमची चुंबकं बसवता येतात.

आणि स्टॉलवर उभं राहून चाकं बोटांनी फिरवू नका, प्लीज. वर्म गिअर असतो. मोटर चाकाला फिरवते, चाक मोटरला नाही. जोर लावला की गिअरचे दात जातात, आणि शेजारचे आजोबा तुमच्याकडे असं बघतात की बस. नऊ व्होल्टची बॅटरी आणि दोन वायर खिशात ठेवा, विचारा, लावा. गुर्र झालं तरी पुरे.

मग न सुधारणारं काय? धातू.

त्या काळात बॉडी आणि चासी जस्ताच्या एका मिश्रधातूतून ओतायचे, मॅझॅक म्हणतात त्याला. ओतताना त्यात शिशाचा थोडा जरी अंश गेला तर तो धातू वर्षानुवर्षं आतून कुजत राहतो. फुगतो, आधी केसासारख्या चिरा पडतात, मग चासी केळ्यासारखी वाकते, चाकं अडकतात, आणि एक दिवस बिस्किटासारखा तुकडा हातात येतो. युद्धापूर्वीच्या मालात हे जास्त, पण २००० नंतर चीनमध्ये बनलेल्या काही मॉडेलांतही निघालंय, म्हणजे नवं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. दमट हवेत ते वाढतं. औषध नाही. एकाचं दुसऱ्याला लागत मात्र नाही, तेवढं बरं. आणि वरून रंग सुंदर असू शकतो! म्हणून म्हणतो, देखण्याला घाबरा. आरशावर किंवा काचेवर ठेवून बघा, सगळी चाकं टेकतात का. फोटो मागताना बाजूने सरळ रेषेत मागा. (प्लॅस्टिकमध्येही आहे हं हा प्रकार. ट्रायअँगच्या अगदी सुरुवातीच्या सेल्युलोज ॲसिटेटच्या बॉडी वाकतात.)

माझ्या शेजारच्या गल्लीत एक आजी राहतात, मिस्टर गेल्यावर त्यांनी मला दोन इंजिनं दाखवली. एक निळं 'सर नायजेल ग्रेस्ली', युद्धापूर्वीचं, मिस्टरांना मोठ्या भावाकडून मिळालेलं. दुसरं हिरवं 'डचेस ऑफ माँट्रोज', काळवंडलेलं, बंद. एका विक्रेत्याने सगळ्याचे मिळून ६० पौंड सांगितले होते, आणि "हिरव्याचे मी काहीच धरत नाही, मेलंय ते," असंही. आजींचा प्रश्न पैशांचा नव्हताच. नातवाच्या वाढदिवसाला यांतलं एक तरी फिरेल का?

निळं मी हातात घेतलं आणि उलटं केलं. बॉयलरच्या खालच्या कडेने चिरांचं जाळं. त्यांना वाटत होतं हेच चालेल, कारण ते मिस्टरांचं लाडकं, आणि तेच सुंदर. सांगावं लागलं की हे रुळांवर ठेवू नका, मोटर फिरली तरी बॉडी धक्का सोसणार नाही. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आणि ते मेलेलं?"

मेलेल्याला एक संध्याकाळ लागली. नुसता डिंक होता. तीन रुळांचा ट्रॅक त्याच खोक्यात होता, तो घासून पुसला. कंट्रोलर मात्र मी माझा नवा नेला, आणि हे तुम्हीही कराच: जुन्या कंट्रोलरची रबरी वायर तडकलेली असते आणि ती थेट घरच्या मेन्सला जोडायची असते. लहान मुलांच्या हाती तर अजिबात नको. डचेस फिरली. निळं कपाटात आहे, कोरड्या जागी, आणि आजींनी ६० पौंडांना नाही म्हटलं.

रंगाचा प्रश्न मला नेहमी विचारतात. खरडलेलं इंजिन पुन्हा रंगवावं का? माझं मत: नाही. धुवा, पुसा, थांबा. कारखान्याचा रंग आणि त्यावरच्या रेघा एकदा गेल्या की गेल्या, आणि जाड ब्रशने रंगवलेली इंजिनं मी इतकी बघितलीयत की काय सांगू.

जाहिरातींची भाषाही शिका. 'अनटेस्टेड' लिहिणाऱ्याने आठ बाजूंनी फोटो काढलेत पण दोन वायर लावून बघितल्या नाहीत, असं असेल तर समजून घ्या. अर्थात घर रिकामं करणाऱ्याकडे खरंच ट्रॅक नसतो, त्याचं बाकी सामान बघा म्हणजे कळेल. 'रेअर' शब्दाकडे दुर्लक्ष करा. 'स्पेअर्स ऑर रिपेअर' दिसलं की मी सरसावून बसतो.

भारतातून मागवणार असाल तर कस्टम ड्युटी आणि टपाल धरून हिशेब करा, स्वस्त इंजिनाला ते इंजिनापेक्षा महाग पडू शकतं. कुणी ओळखीचं इकडून येणार असेल तर बॅगेत एक इंजिन सहज मावतं, मोज्यात गुंडाळून. आणि डिजिटल, म्हणजे डीसीसी ट्रॅक असेल तर जुनं इंजिन त्यावर उभं ठेवू नका, मोटर गुणगुणत तापत राहते.

पुढच्या भागात स्प्रिंगची नळी आणि ब्रश बदलताना मी प्रत्यक्ष आवाज ऐकवणार आहे, बंद मोटरचा आणि चालू मोटरचा. तुमच्याकडे माळ्यावर असं काही पडलं असेल तर उलटं करून फोटो पाठवा. पोटाचा फोटो, हं. चला, भेटू.