कुमाऊँचा हरेला

उत्तराखंडातल्या कुमाऊँ भागात कर्कसंक्रांतीला, म्हणजे जुलैच्या मध्यावर, श्रावण लागतो. त्या दिवशी असतो हरेला. नऊ-दहा दिवस आधी टोपलीत माती घालून गहू, जव, मका, उडीद असं पाच किंवा सात प्रकारचं धान्य पेरतात. आपल्याकडे घटाला पेरतात तसंच. टोपली उन्हापासून दूर ठेवतात, म्हणून कोंब पिवळसर निघतात. संक्रांतीला ते कापून देवाला वाहतात. मग घरातली वडीलधारी मंडळी प्रत्येकाच्या पायांना, गुडघ्यांना, खांद्यांना कोंब लावत शेवटी डोक्यावर ठेवतात आणि दीर्घायुष्याचा आशीर्वाद देतात. मला सर्वांत भावते ती पुढची रीत: दूर राहणाऱ्या मुलांना, सासरी गेलेल्या लेकींना हे कोंब पाकिटात घालून टपालानं पाठवतात. या दिवसांत झाडंही आवर्जून लावली जातात.