रविवारची पाळी



आठ तासांच्या पाळीसाठी आम्ही उभी हयात भांडलो. उरल्या वेळाचे काय करावे, हे मात्र कोणास सांगितले नाही. धारावीनजीक मिठी नदीच्या काठी मुंबईचा कचरा पडे. त्याच ३७ एकरांवर १९९४ साली निसर्ग उद्यान खुले झाले. तेथे मुलांना हिंडवून झाडे-पाखरे दाखवितात. आपल्या फुलसावंगीकडे पळस नुकताच फुलून गेला, मोहाचा सडा पडतो. पण पोराने पाखराचे नाव पुसले की आम्हीच खाली पाहतो! म्हणून आधी गुराख्यापाशी शिकायला बसू.

फुकट राबणूक आम्हांला मान्य नाही. माळ्याचा पगार कापून कोणी असे स्वयंसेवक नेमील, तर आम्ही आडवे पडू. पण पोरांना तासभर हिंडविणे ही राबणूक नव्हे. रविवारी सकाळी सहाला एस.टी. थांब्यापाशी जमू. नावे आजच द्या.